भोंगा, खळं आणि ६०० हर्ट्झचा खड्डा

पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "तुम्ही नेमकं काय मोजणार?" उत्तर आपण पाठ करून गेलेलो असतो. त्याच्या पुढचा प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही, आणि मलाही कुणी विचारला नाही. जे मोजलं ते तुमच्या वस्तूचंच आहे, आजूबाजूचं नाही, हे कशावरून? या प्रश्नापायी माझा अख्खा मे महिना गेला आणि परिषदेला पाठवलेला एक सारांश मागे घ्यावा लागला. तुम्ही संशोधनाच्या दारात उभे आहात, म्हणून ती हकिकत इथे सविस्तर लिहितो. मधे भोंगा कसा बनवायचा तेही येईल, कारण ते नीट समजलं नाही तर माझी चूक कुठे झाली हे कळणार नाही.

माझा विषय आहे आडवा छेद बदलत जाणाऱ्या नळ्यांमधून ध्वनी कसा जातो हा. शंख, तुतारी, ग्रामोफोनचा कर्णा, जत्रेतला भोंगा, सगळी एकाच कुळातली मंडळी. समीकरणं सोडवून झाली होती, संगणकावर आलेख सुंदर येत होते, पण पडताळा घ्यायला हातात वस्तू नव्हती. म्हणून सुट्टीत घरी गेलो तेव्हा ठरवलं की एक भोंगा स्वतःच करायचा. घर म्हणजे दापोली तालुक्यातलं मुरुड. (रायगडातलं जंजिऱ्याचं मुरुड वेगळं. हा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागतो.)

आधी भोंगा करतो काय ते पाहू. स्पीकरचा पडदा जड असतो आणि हवा हलकी. पडदा पुढेमागे होतो तेव्हा समोरची हवा नुसती बाजूला सरकते, तिला दाब बसत नाही. एखादा दणकट माणूस हातात पिसाचा पंखा घेऊन जोर लावतोय असं समजा; जोर आहे, पण तो घेणारं समोर कुणी नाही. साध्या कोनच्या स्पीकरमध्ये दिलेल्या विजेतला साधारण एक टक्काच आवाज म्हणून बाहेर पडतो. भोंग्याचा अरुंद गळा पडद्यासमोरच्या हवेला निसटू देत नाही. दाब आधी तिथे तयार होतो, मग नळी हळूहळू रुंद होत जाते आणि तो दाब मोठ्या क्षेत्रफळावर पसरत बाहेरच्या हवेला सोपवला जातो. त्यामुळे दहा, वीस, क्वचित त्याहून अधिक टक्के हाती लागतात. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा प्रभातचा बोलपट आला तेव्हा चित्रपटगृहांतल्या व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरची ताकद मोजक्या वॉटची होती. तेवढ्यात शेवटच्या रांगेपर्यंत संवाद पोचवायचे तर भोंग्याशिवाय इलाज नव्हता.

याचं गणित 'वेबस्टरचं समीकरण' म्हणून ओळखलं जातं. आर्थर गॉर्डन वेबस्टर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने ते १९१४ मध्ये मांडलं आणि १९१९ मध्ये छापलं. पण थोडं मागे गेलात तर अठराव्या शतकात बर्नुली, ऑयलर आणि लाग्रांज यांनी त्याच गोष्टीला हात घातलेला दिसतो. साहित्याचा आढावा घेताना हे ध्यानात असू द्या. समीकरणाला ज्याचं नाव चिकटलं आहे तो पहिलाच असेल असं नाही.

या समीकरणात एक गृहीतक दडलेलं आहे: नळीच्या प्रत्येक आडव्या छेदावर तरंग सपाट असतो, तबकडीसारखा. ते कुठवर चालतं यावर मी थोड्या वेळाने येतो.

आता आकडे. मी घातांकी आकार निवडला, म्हणजे ठरावीक अंतराला क्षेत्रफळ दुप्पट होत जाणारा. अशा भोंग्याला एक कटऑफ असतो. त्याखालच्या वारंवारतेला, नळी अमर्याद लांब मानली तर, गळ्याशी हवेचा उपयोगी विरोध शून्य होतो आणि भोंगा असून नसल्यासारखा. मी कटऑफ ३०० हर्ट्झ धरला. आमच्याकडे मेमध्ये सकाळी हवा २८ अंशांच्या आसपास असते, तेव्हा ध्वनीचा वेग सेकंदाला ३४८ मीटर. पुस्तकात बहुधा ३४३ दिलेला असतो, तो २० अंशांचा. यावरून क्षेत्रफळ दर ६.४ सेंटीमीटरला दुप्पट व्हायला हवं. गळा एक इंची, कारण बाजारात मिळणाऱ्या युनिटचं तोंड तेवढं असतं. दुसऱ्या टोकाला तोंडाचा परीघ कटऑफच्या तरंगलांबीइतका, म्हणजे ११६ सेंटीमीटर, व्यास ३७. मग लांबी आपोआप ठरते: सुमारे ४९.४ सेंटीमीटर. वहीत करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

करताना एक गमतीची गोष्ट दिसेल. तोंडाचा परीघ असा निवडला की कडेपाशी भिंतीचा उतार बरोबर ४५ अंश येतो. गळ्याशी तो जेमतेम ४ अंश असतो. आता ते सपाट तबकडीचं गृहीतक आठवा. ४ अंशांच्या नळीत तरंग जवळजवळ सपाट राहतो, हे मान्य. ४५ अंशांच्या उतारावर तो सपाट राहील हे कोण मानेल? तो फुगणारच. म्हणजे समीकरणावर गळ्यापाशी भरवसा ठेवावा आणि तोंडापाशी जपून असावं. पॉल व्हॉइग्ट नावाच्या इंग्रज अभियंत्याने १९२०च्या दशकात हेच ओळखून फुगलेल्या तरंगाला धरून वेगळाच वक्र वापरला, ट्रॅक्ट्रिक्स. मी घातांकी आकारावर अडून राहिलो, कारण मला भोंगा उत्तम वाजायला नको होता, समीकरण कुठे तुटतं ते पाहायचं होतं. हा फरक स्वतःशी स्पष्ट असू द्या, नाहीतर प्रयोग अर्ध्यावर असताना आपण कारखानदार होऊन बसतो.

आणखी एक, मोठी स्वप्नं पाहणाऱ्यांसाठी. हाच हिशेब ५० हर्ट्झला केला तर तोंडाचा व्यास २.२ मीटर होतो. तेवढा भोंगा आमच्या माजघरात शिरणार नाही. पण भोंगा खोलीच्या कोपऱ्यात ठेवला तर दोन भिंती आणि जमीन मिळून पसरायची जागा एक अष्टमांश होते, तोंडाचं क्षेत्रफळही तेवढंच पुरतं, आणि व्यास ७८ सेंटीमीटरवर येतो. अमेरिकेतल्या पॉल क्लिप्शने १९४०च्या दशकात कोपऱ्यात बसणारा घडीचा भोंगा केला तो याच आधारावर. भिंती आणि जमीन आवाजात असा हस्तक्षेप करतात हे मी वहीत स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं. पुढे काय झालं ते वाचताना हे वाक्य आठवा.

बांधणी अशी. १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायमधून कडी कापायची, प्रत्येकाचा आतला व्यास वेगळा, आणि ती एकावर एक फेविकॉलने चिकटवायची. २७ कडी. गळ्याकडची कडी पटापट होतात, तोंडाकडची जीव खातात, कारण तिथे एका कड्यापासून दुसऱ्यापर्यंत व्यास साडेतीन सेंटीमीटरने वाढतो आणि आत मोठ्या पायऱ्या राहतात. त्या कानशीने उतरवायच्या. वाडीतल्या सुतारकाकांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातातली जिगसॉ काढून घेतली. "तुझी बोटं पुण्याला परत जायची आहेत ना?" असं म्हणाले, आणि कापण्याचं काम त्यांनीच केलं. मी घासत बसलो. आकार बरोबर येतोय का हे पाहायला पुठ्ठ्याचा अर्धा साचा कापला होता. तो आत फिरवायचा, उजेड दिसेल तिथे अजून घासायचं.

फिनिशिंगबद्दल लोक फार हळवे असतात, म्हणून थोडं सांगतो. आतून आरशासारखा गुळगुळीत भोंगा चांगला वाजतो अशी समजूत आहे. १०,००० हर्ट्झलाही तरंगलांबी साडेतीन सेंटीमीटर असते. अर्ध्या मिलिमीटरचा खडबडीतपणा त्या तरंगाला जाणवतसुद्धा नाही. लाखेचं पॉलिश द्यायचं ते कोकणातल्या दमट हवेत प्लाय फुगू नये म्हणून, आणि दिसायला बरं म्हणून. आवाजासाठी दोनच गोष्टी जपायच्या. एक, सांध्यातून हवा कुठे निसटता कामा नये. दुसरी, गळा. २५ मिलिमीटरच्या गळ्याशी व्यासात एका मिलिमीटरची चूक झाली तर क्षेत्रफळ ८ टक्क्यांनी बदलतं. ३७ सेंटीमीटरच्या तोंडाशी तीच चूक अर्ध्या टक्क्याची. म्हणजे जो भाग डोळ्यांत भरतो त्याला सगळ्यात कमी काळजी लागते, आणि जो युनिटच्या आड झाकला जातो तिथे सगळं कौशल्य ओतायचं. मी उलटं केलं. तोंडाची कड दोन दिवस घासली आणि गळा अर्ध्या तासात उरकला. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे माझा संशय गळ्यावरच गेला, आणि तो जाण्याइतपत कारणही मीच देऊन ठेवलं होतं.

मोजमापाची मांडणी घरासमोरच्या खळ्यात केली. बुटक्या स्टुलावर भोंगा आडवा, त्याचा मध्य जमिनीपासून ५६ सेंटीमीटरवर. समोर दोन मीटरवर, तितक्याच उंचीवर मायक्रोफोन. मायक्रोफोन मोजमापाचा, कॅलिब्रेशनच्या फाइलसह आलेला. मोबाइलचा वापरू नका, त्याच्या आत काय काय चाळलं जातं ते आपल्या हातात नसतं. सॉफ्टवेअर रूम ईक्यू विझार्ड, फुकट मिळतं. खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा एक सूर वाजवायचा, तो मायक्रोफोनने टिपायचा, आणि दोन्हींची तुलना करून भोंग्याचा प्रतिसाद काढायचा.

समुद्राची गाज मागे सतत असते. त्यावर उपाय सोपा: सूर लांब घ्यायचा. त्याची लांबी दुप्पट केली की गोंगाटाच्या तुलनेत ३ डेसिबल मिळतात, चौपट केली की ६. वारा मात्र असा ऐकत नाही. दुपारी खारा वारा सुटला की मायक्रोफोनवर नुसती फडफड. म्हणून सकाळ. पण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही, आणि शेजाऱ्यांचे नियम त्याहून कडक. म्हणून मी सव्वासहाला सुरुवात करायचो. शेजारच्या काकू विचारायच्या, "आज पण कोल्हा ओरडणार का रे?"

पहिला आलेख आला आणि त्यात ६०० हर्ट्झला खड्डा होता. लहानसहान नाही, १० डेसिबलचा. बाकी आलेख बऱ्यापैकी सपाट. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं: तोच खड्डा, त्याच जागी. तिसऱ्या दिवशीही तेच. दहा वेळा मोजलं, दहाही वेळा आलेख एकमेकांवर तंतोतंत बसले.

मला फार आनंद झाला, हे कबूल करतो. कारण समीकरणात असा खड्डा नव्हता. म्हणजे समीकरण तुटण्याची जागा मला सापडली होती! मी कारणही शोधलं. गळ्याशी युनिट आणि प्लाय यांच्यामध्ये जी पायरी राहिली होती तिच्यामुळे काही ऊर्जा परत फिरते, आणि ६०० हर्ट्झला ती मूळ तरंगाला खोडते. दोन पानं लिहिली, आकृती काढली. एका परिषदेची मुदत संपत आली होती, म्हणून सारांश पाठवूनही दिला. आमच्या मॅडमना प्रत पाठवली ती सारांश गेल्यावर. ही चूक दोन्ही अर्थांनी माझीच.

मग स्वतःच्या म्हणण्याला पुष्टी म्हणून गळा दुरुस्त करायला घेतला. पायरी गेली की खड्डा जायला हवा, नाही का? लांबी भरली, वाळवली, पॉलिश पेपरने घासली, पुन्हा भरली. खड्डा हलला नाही. मग म्हटलं, पायरी अजून पुरती गेली नसेल. पुन्हा लांबी. असे बारा दिवस गेले. आता मागे वळून पाहताना दिसतं की माझं स्पष्टीकरण पहिल्याच दुरुस्तीला खोटं ठरलं होतं. मी ते मान्य करण्याऐवजी दुरुस्तीलाच नावं ठेवत होतो.

पुढचं श्रेय माझं नाही. एका सकाळी सुतारकाका आले आणि आपलं स्टूल घेऊन गेले, त्यांना कुठेतरी दारं बसवायची होती. मी चिडलो, पण करणार काय. कोपऱ्यातलं पाण्याचं रिकामं पिंप उपडं घातलं आणि त्यावर भोंगा ठेवला. पिंप स्टुलापेक्षा उंच, त्यामुळे भोंग्याचा मध्य ८० सेंटीमीटरवर आला. मायक्रोफोनही तेवढाच वर घेतला. सूर वाजवला.

६०० हर्ट्झचा खड्डा नव्हता. तिथे उलट किंचित उंचवटा होता, आणि एक उथळ खड्डा ९३० जवळ दिसत होता.

भोंगा तोच, गळा तोच, लांबी तीच. बदललं होतं फक्त पिंप. मी पायरीवर बसून हिशेब केला, जो पहिल्या दिवशी करायला हवा होता. मायक्रोफोनपर्यंत आवाज दोन वाटांनी येतो: एक सरळ, २ मीटरची, दुसरी जमिनीवर आपटून, ५६ सेंटीमीटर उंचीला पायथागोरसने २.२९ मीटरची. फरक २९ सेंटीमीटर. ज्या तरंगाची अर्धी लांबी २९ सेंटीमीटर आहे तो दोन वाटांनी येऊन स्वतःलाच खोडतो. वेग ३४८, तरंगलांबी ५८ सेंटीमीटर, वारंवारता ६००. खड्डा भोंग्यात नव्हताच, आमच्या खळ्यात होता. शेणाने छान सारवलेली, चोपून घट्ट केलेली जमीन. ती आवाज परत फेकणार नाही तर काय करणार.

आता तुम्ही विचाराल, असा परावर्तनाचा दोष आला तर एक नाही, ओळीने अनेक खड्डे यायला हवेत. ६००, १८००, ३०००, असे. मग एकच कसा दिसला? इथेच तो दोष अस्सल वाटण्याइतका बेमालूम होता. भोंगा खालच्या वारंवारतांना सगळीकडे पसरवतो आणि वरच्यांना टॉर्चसारखं समोर धरतो. ६०० हर्ट्झला जमिनीकडे, म्हणजे सुमारे २९ अंश खाली, जवळजवळ पूर्ण आवाज जातो. १८०० ला त्याचा चौथा भागच. त्यामुळे पहिला खड्डा खोल आणि पुढचे नावापुरते. त्यातून मी आलेखाला सफाई लावली होती, तिसऱ्या हिश्श्याच्या सप्तकाची, म्हणजे ते लहान खड्डे पुसूनच गेले. आलेख नेटका दिसावा म्हणून जी खूण मला वाचवू शकली असती ती मीच झाकली.

आणि ते दहा आलेख तंतोतंत जुळत होते त्याचं काय? जुळणारच. स्टूल दहाही वेळा त्याच जागी होतं. मी खुणेसाठी खडूने गोल काढून ठेवले होते, प्रयोग काटेकोर व्हावा म्हणून. पुनरावृत्ती जुळली म्हणजे मोजमापात यादृच्छिक चूक कमी आहे, एवढंच कळतं. दर वेळी होणारी एकसारखी चूक तितक्याच इमानाने पुन्हा पुन्हा येते. प्रॅक्टिकलच्या वहीत 'सरासरी घ्या' असं लिहायची सवय लागलेली असते, तिथे हे कुणी ठासून सांगत नाही. जे बदलायला नको असं वाटतं तेच मुद्दाम बदलून पाहायचं असतं: उंची, अंतर, जागा, वायर, शक्य असेल तर मोजणारा माणूसही.

बदलायचं तेही किती, याला महत्त्व आहे. पिंप ८० सेंटीमीटरला बसलं हा माझ्या नशिबाचा भाग. समजा, मी नीट विचार करून 'चला, गोल आकडा घेऊ' म्हणत उंची १ मीटर केली असती, तर? दोन वाटांतला फरक ८३ सेंटीमीटर, पहिला खड्डा २१० ला, म्हणजे भोंग्याच्या पट्ट्याबाहेर, आणि दुसरा ६३० ला. मी म्हटलं असतं, खड्डा थोडासा सरकला पण आहे तिथेच आहे, म्हणजे गळ्याचाच. सारांश तसाच गेला असता आणि कदाचित छापूनही आला असता. म्हणून एकदम मोठी उडी मारू नका. पाच-पाच सेंटीमीटरने वर न्या आणि खड्डा सरकत जातो का ते पाहा. सरकला तर तो खोलीचा किंवा जमिनीचा. जागचा हलला नाही तर वस्तूचा असण्याची शक्यता.

शक्यताच, कारण खात्रीसाठी वेगळ्या जातीचं मोजमाप लागतं. भोंग्याच्या बाबतीत ते अगदी स्वस्तात होतं आणि मी ते केलं नव्हतं याची मला आजही लाज वाटते. युनिटच्या वायरीत १०० ओहमचा एक रेझिस्टर जोडायचा आणि साउंडकार्डने युनिटचा विद्युत इम्पिडन्स मोजायचा. इथे मायक्रोफोनच नाही. पडद्यावर हवेचा जो भार येतो तो विजेच्या बाजूने थेट दिसतो. भोंग्याच्या आत काही परत फिरत असेल तर या आलेखात वळवळ दिसते. दोन मीटरवरच्या जमिनीचा मागमूसही लागत नाही. मी तो काढला तेव्हा ६०० ला काहीही नव्हतं, अगदी साधी उतरती रेघ. पहिल्या दिवशी ही दहा मिनिटं दिली असती तर बारा दिवस आणि दीड डबा लांबी वाचली असती.

मुरुडचा उल्लेख झाला की महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं नाव निघतंच. परीक्षेसाठी ते इथून सह्याद्री ओलांडून चालत साताऱ्याला गेले, आणि मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्यांना बसू दिलं गेलं नाही, ही गोष्ट आमच्याकडे शाळेत सांगतात ती चिकाटीची म्हणून. मला ती हल्ली मोजमापाची गोष्ट वाटते. परीक्षकांना वय हवं होतं आणि त्यांनी अंगकाठी मोजली.

असो. सारांश मागे घेण्याचा ईमेल लिहायला मला दोन दिवस लागले. तीन मसुदे केले, पहिल्यात सबबी होत्या. शेवटी चार वाक्यं उरली: मोजमापात जमिनीचं परावर्तन धरलेलं नव्हतं, निष्कर्ष टिकत नाही, सारांश मागे घेतो, क्षमस्व. आयोजकांचं उत्तर सौजन्याचं आलं. मॅडमचा फोन आला, त्या रागावल्या नाहीत, एवढंच विचारलं, "आता नीट कसं मोजणार आहेस ते सांग." आरएसीची बैठक जुलैत होती.

नीट मोजायचं म्हणजे जमिनीचा आवाज येण्याआधी मोजणं थांबवायचं. सरळ आवाज आला की कात्री लावायची, याला गेटिंग म्हणतात. पण इथे फुकट काही मिळत नाही. स्टुलाच्या मांडणीत दुसरी वाट फक्त ०.८३ मिलिसेकंद उशिरा येते. तेवढ्या तुकड्यातून १२०० हर्ट्झखालचं काही सांगता येत नाही, कारण त्या तुकड्यात तेवढा लांब तरंग मावतच नाही. ३०० पर्यंत उतरायचं तर किमान ३.३ मिलिसेकंद हवेत, आणि तपशील हवा असेल तर त्याच्या तिप्पट-चौपट. म्हणजे जमीन लांब न्यायची, म्हणजेच भोंगा वर न्यायचा. सुतारकाकांनी बांबूची परांची बांधून दिली. भोंगा ३ मीटरवर, मायक्रोफोन दुसऱ्या बांबूवर तितक्याच उंचीवर, अंतर २ मीटर. आता दुसरी वाट ६.३२ मीटर, उशीर १२.४ मिलिसेकंद, आणि साधारण ८० हर्ट्झपर्यंतचा तपशील वेगळा काढता येतो. परांची घराच्या भिंतीपासूनही तेवढीच लांब हवी, नाहीतर जमीन चुकवून भिंतीत अडकाल.

बांबू नसेल तर उलटी युक्तीही आहे: मायक्रोफोन सरळ जमिनीवरच ठेवायचा आणि भोंगा त्याच्याकडे कलता करायचा. मग दोन वाटा वेगळ्या उरतच नाहीत, दोन्ही एकत्र पोचतात आणि आकडा ६ डेसिबल जास्त येतो, तो वजा करायचा. मी दोन्ही प्रकारे मोजलं. आलेख एकमेकांपासून फार तर दीड डेसिबल सरकलेले होते. चुका वेगवेगळ्या प्रकारच्या असलेल्या दोन पद्धती जुळल्या, तेव्हा कुठे मला भोंग्याबद्दल काही बोलायचा धीर आला.

बोलण्यासारखं दोनच गोष्टींवर निघालं. पहिली: भोंगा ३०० ऐवजी ३१० च्या आसपास साथ सोडत होता. मी गृहीतकांवर संशय घ्यायच्या तयारीत होतो, पण या वेळी आधी टेप लावला. २७ कड्यांची लांबी ४८.६ सेंटीमीटर यायला हवी होती, ती ४७ भरली. '१८ मिलिमीटर' म्हणून विकलेला माझा प्लाय कॅलिपरमध्ये १७.४ होता. कडी १८ च्या हिशेबाने कापलेली आणि १७.४ ने रचलेली, म्हणून सगळा भोंगा लांबीत तीन टक्के आखडला, क्षेत्रफळ तितक्या लवकर दुप्पट होऊ लागलं आणि कटऑफ वर सरकला. हिशेब करून पाहा, ३१० च येतो.

दुसरी गोष्ट खरी आहे. ४६० हर्ट्झजवळ ३ डेसिबलची एक लाट आहे. परांचीवर दिसते, जमिनीवरच्या मायक्रोफोनला दिसते, आणि इम्पिडन्सच्या आलेखातही त्याच जागी वळवळ आहे. उंची बदलली तरी हलत नाही. ती तोंडाशी परत फिरणाऱ्या आवाजाची आहे. भोंगा कुठेतरी संपतोच, आणि संपतो तिथे हवेला धक्का बसतो. वेबस्टरचं समीकरण ती लाट दाखवतं, पण माझ्या भोंग्यात आहे त्यापेक्षा किंचित वर आणि जास्त मोठी. त्या ४५ अंशांच्या उतारावर तरंग फुगतो म्हणून असं होत असावं असा माझा अंदाज आहे. या वेळी 'अंदाज' हा शब्द आरएसीच्या स्लाइडवर तसाच ठेवला.

तपासायचा मार्ग सरळ आहे. गळा आणि लांबी तीच ठेवून फक्त शेवटची काही कडी व्हॉइग्टच्या वक्राने कापायची आणि लाट बदलते का पाहायचं. त्यासाठी तुलनेला एक नीट घातांकी भोंगाही हवा. त्याची कडी गणपतीच्या सुट्टीत सुतारकाकांकडे कापून ठेवली आहेत, या वेळी २८. हिशेब १७.४ मिलिमीटरचा.